आठवी ‘ब’चा षड्ज

आमच्या वेळी, म्हणजे सत्तरच्या दशकात, शाळेत समूहगानासाठी आवाजाची चाचणी नव्हती. अख्ख्या वर्गाने गायचं, हा गाण्याच्या सरांचा दंडक. आठवी ‘ब’तल्या आम्हा मुलांचे आवाज तेव्हा फुटत होते. वरच्या सप्तकात गेलो की चिरकायचे. सरांनी आम्हाला काढून टाकलं नाही. मागच्या रांगेत उभं केलं आणि षड्ज, म्हणजे ‘सा’, धरून ठेवायला सांगितलं. चाल वर न्यायची ती मुलींनी. सरांचा डावा हात पेटीच्या भात्यावर, उजव्या हाताचं बोट ‘काळी चार’ या पट्टीवर आणि मात्रा मानेने. कुणाचा सूर हलला तर नाव न घेता म्हणायचे, “आधी शेजारच्याचं ऐका, मग गा.” ध्रुवपदाला सगळे एकदम समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आलो की अंगावर काटा यायचा. आजही येतो.

शाळेत सगळ्यांनी मिळून गाण्याचं हे वेड आलं कुठून, ते पुढे वाचनातून कळलं. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि घराण्यांच्या उंबऱ्याआडचं गाणं वर्गात, फळ्यासमोर आणून बसवलं. उत्तरायुष्यात ते आपल्या नाशकात येऊन राहिले. त्यांचा रामनाम आधार आश्रम इथलाच. पुढे संगीतकार वसंत देसाईंनी ‘एक सूर एक ताल’ हा उपक्रम हाती घेतला. हजारो शाळकरी मुलं एकाच मैदानावर, एकाच वेळी गाणार! इतक्या मुलांना एका लयीत ठेवणं काय असतं, ते ज्याने चाळीस पोरांचा वर्ग सांभाळलाय त्यालाच कळेल. सिनेमातलं मोठं नाव असलेल्या माणसाने शाळकरी मुलांसाठी एवढं करावं, याचं मला फार अप्रूप आहे.

स्पर्धाही आल्या. भारत विकास परिषदेची राष्ट्रीय समूहगान स्पर्धा 1967 पासूनची, तर केंद्र सरकारचा कला उत्सव 2015 पासूनचा. जिल्हा, मग राज्य, मग देश, अशा पायऱ्या चढत मुलं जातात. त्यांची तयारी ऐकून थक्क व्हायला होतं, दर्जा खरोखरच वाढलाय. पण स्पर्धेसाठी शाळा मोजके गोड गळे निवडते आणि बाकीचा वर्ग टाळ्या वाजवायला खाली बसतो, हे मला मनापासून खुपतं. देसाईंच्या मैदानावर मागची रांगही गात होती. आमच्या ‘ब’ तुकडीतला एकही जण पुढे गवई झाला नाही. पण कार्यक्रमात राष्ट्रगीत सुरू झालं की आम्ही तोंड मिटून उभे राहत नाही, मोकळ्या गळ्याने गातो.

म्हणून शाळेच्या या महोत्सवी वर्षात शाळेकडे एक मागणं आहे. स्पर्धेचं पथक जरूर ठेवा, पण आठवड्यातला एक तास प्रत्येक तुकडीला एकत्र गायला द्या, कुणालाही न वगळता. संगीताच्या खोलीतल्या जुन्या पेटीचे सूर उतरले असतील. ते लावून घेण्याचा आणि तबल्याला नवी पुडी चढवण्याचा खर्च आमची तुकडी आनंदाने उचलेल.