रस्ता आणि फोन दोन्ही नसताना जखमी कसे सांभाळायचे, आमच्या तयारीचा अनुभव

मी चिपळूण तालुक्यात नर्स आहे. 2021 च्या पुरानंतर आम्ही नर्स, आशाताई, आपदा मित्रची (आपत्तीत मदत करायचं ट्रेनिंग घेतलेले स्वयंसेवक) पोरं आणि एक रिटायर्ड पोलीस पाटील काका असे मिळून तयारीला लागलो, पावसाळ्याआधी कोणाला तरी उपयोग होईल म्हणून लिहितेय.

आधीचा प्लॅन म्हणजे फोन नंबरांची यादी. पण 22 जुलैला चिपळुणात लाइट नाही, मोबाईल बंद, हायवे बंद, आणि त्याच संध्याकाळी तिकडे महाडच्या तळियेत दरड कोसळून 80 च्या वर माणसं गेली, तिथे मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. 108 ची अँब्युलन्स चांगलीच आहे, पण फोनच लागला नाही तर? म्हणून काका म्हणाले, पहिला दिवस आपला आपणच काढायचा असं धरून चला. तिथून सगळं बदललं.

सगळ्यात जड गेलं ते ट्रायेज, म्हणजे आधी कोणाला बघायचं ते. चालता येतं त्यांना बाजूला पाठवायचं, हिरवी पट्टी. उरलेल्यांचा श्वास मिनिटाला 30 च्या वर असेल, मनगटाला नाडी लागत नसेल किंवा "डोळे मिटा" सांगितलेलं कळत नसेल तर लाल, तो आधी हलवायचा. बाकीचे पिवळे. श्वासच नसेल तर श्वासाची वाट मोकळी करून बघायची, तरी नाही आला तर काळी पट्टी बांधून पुढे जायचं. वॉर्डात आम्ही असं कधीच पुढे जात नाही हो, पण इथे एकावर अर्धा तास गेला तर शेजारचा रक्त जाऊन संपतो. ड्रिलमध्ये एक आशाताई काळी पट्टी हातातच धरून बसली, "सिस्टर, गावातलं माणूस आहे, मी कशी बांधू?" तिचं खरंच होतं. मग ठरवलं की पट्टी एकटीने बांधायची नाही, दोघींनी मिळून ठरवायचं. मला वाटतं ट्रेनिंगमध्ये सगळ्यात जास्त वेळ यालाच द्यायला हवा.

बाकी कामं पटापट झाली. जनरेटर आणि ऑक्सिजन सिलिंडर वरच्या मजल्यावर, लेप्टोसाठी (पुराच्या घाण पाण्यातून होणारा ताप) डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्यांचा साठा आधीच, साप चावल्यावरचं इंजेक्शन कुठल्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) आहे ते प्रत्येक आशाताईला माहीत. डायलिसिसवाले आणि दिवस भरत आलेल्या बायका यांची वाडीवार यादी केली, हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट (जोरदार पावसाचा इशारा) आला की त्यांना पाणी चढायच्या आधीच हलवायचं. डोली उचलणारी पोरं पण नावानिशी ठरलीयेत.

पऱ्यापलीकडच्या (ओढ्यापलीकडच्या) वाड्या मात्र राहिल्यात, साकव म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल गेला की तिकडे जायला वाटच नाही, म्हणून पट्ट्या, ड्रेसिंगचं सामान आणि स्ट्रेचर या मे महिन्यात तिथल्याच शाळेत ठेवतोय आणि तिथल्या बायकांचं ट्रेनिंग पण तिथेच घेतोय.