ताईची सॅमस, माझी पीच आणि 'मेली'

'सुपर स्मॅश ब्रदर्स मेली' हा निन्टेंडोच्या मारामारीच्या व्हिडिओ गेमचा, २००१ साली त्यांच्याच गेमक्यूब या कन्सोलवर आलेला दुसरा भाग. पहिल्या भागात निवडायला १२ पात्रं होती, इथे २५. त्यातली ११ खेळता खेळता उघडावी लागतात. ताई आणि मी त्यासाठी अख्खी सुट्टी घालवली आणि मला त्यातला एकही दिवस वाया गेला असं वाटत नाही.

जीव मोजायची पट्टी इथेही नाही. मार बसला की टक्के वाढतात, आणि टक्के जितके जास्त तितके तुम्ही लांब उडता. पण हरता ते स्टेजबाहेर फेकले गेल्यावरच, म्हणून १२० टक्क्यांवरही आशा संपत नाही! माझी राजकुमारी पीच हवेत तरंगत स्टेजच्या कड्यापर्यंत परत येते तेव्हा ताई अजूनही ओरडते. या भागात हवेत मार चुकवता येतो, स्मॅश म्हणजे जोरदार फटका रोखून धरून जोर वाढवता येतो आणि बाजूला दाबायची खास चाल प्रत्येकाला मिळाली आहे. वेग तर इतका वाढला की पहिला भाग आता संथ वाटतो.

खटकतं ते एवढंच, की फाल्को, पिचू, रॉय या पात्रांच्या चाली दुसऱ्याच कुणाच्या तरी चालींवर बेतलेल्या आहेत. 'झेल्डा' गेममधल्या गॅननडॉर्फसारख्या खलनायकाला कॅप्टन फाल्कन या दुसऱ्या पात्राच्या लाथा-बुक्क्या दिल्या, याचं मला खरंच वाईट वाटतं. त्याला त्याची जादू हवी होती. बर्फाच्या डोंगराचा सरकता स्टेजही आम्ही टाळतोच.

गेममध्ये गोळा करायच्या ट्रॉफ्या अजून पूर्ण झालेल्या नाहीत. ताई आली की पुन्हा बसणार.