आमची वाटचाल : टेबलाखालच्या डब्यापासून

आमच्या कामाच्या टेबलाखाली प्लास्टिकचा एक मोठा डबा आहे. त्यात मेलेले सर्व्हो असतात, म्हणजे रेडिओवरच्या विमानाचे पंखा-शेपटीचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरपेट्या. कुणाचे दाते गेलेले, कुणाची मोटर जळलेली, कुणाची वायर मुळापाशी तुटलेली. नवीन माणसाला वाटतं, हा कचरा आहे. खरं म्हणजे आमची फर्म या डब्यातूनच निघाली. पाटी, पावतीपुस्तक, कपाटं हे सगळं मागाहून आलं.

मुळात मलाच रेडिओ कंट्रोलच्या विमानांचा नाद. आठवडाभर जोडायचं आणि सुटीच्या दिवशी पाडायचं, अशी काही वर्षं गेली. विमान पडलं तर बाल्साचं लाकूड जोडता येतं, फोम चिकटवता येतो. सर्व्हो मात्र करकरायला लागला की टाकून द्यायचा, अशीच सगळ्यांची रीत. मला ते टाकवेना. एका रात्री तळाचे चार लांब स्क्रू काढून वरचं झाकण उचललं, तर ग्रीसमध्ये माखलेली चार-पाच चक्रं टेबलावर सांडली. कुठलं कुठे बसतं, काही कळेना. तासभर खटपट करून ती रचताना दिसलं, की एका चक्राचा एकच दात उडालाय. मोटर ठणठणीत, सर्किट ठणठणीत, दांडा किती फिरला ते मोजणारं पोटेन्शिओमीटरही ठणठणीत. एका दातापायी अख्खा सर्व्हो बाद! दुसऱ्या मेलेल्या सर्व्होतून तेच चक्र काढून बसवलं आणि हा उठला. त्या रात्रीपासून दोन गोष्टी ठरल्या. झाकण उचलायच्या आधी फोटो काढायचा, आणि मेलेला सर्व्हो फेकायचा नाही.

मग मैदानावरची मंडळी आपापले सर्व्हो आणून द्यायला लागली. त्यांच्या ओळखीचे, मग त्या ओळखीच्यांच्या ओळखीचे. गिअरचे संच साठवायला लागलो, आणि संच साठवतोय तर नवे सर्व्होही ठेवावेत, असं होत होत दुकान झालं. बारीक सोल्डरिंग पहिल्या दिवसापासून बायकोच्या हातात. माझा हात थरथरतो, हे मी कबूल करायच्या आधी तिनेच ते जाहीर करून टाकलं होतं. हिशेबही तिच्याकडेच आहे, म्हणून आम्ही अजून आहोत.

पहिली दोन वर्षं मात्र आम्ही आकडे विकले. गिऱ्हाईक विचारायचं, "टॉर्क किती?" आम्ही सांगायचो. ज्याचा आकडा मोठा तो सर्व्हो चांगला, एवढंच गणित. किलो-सेंटिमीटर म्हणजे काय, हे निम्म्या लोकांना ठाऊक नसे आणि आम्ही सांगत नसू. दांड्याच्या मध्यापासून एक सेंटिमीटरवर सर्व्हो जेवढे किलो पेलेल, तो त्याचा टॉर्क. हॉर्नवर, म्हणजे दांड्यावर बसणाऱ्या भोकांच्या पट्टीवर, दोन सेंटिमीटर बाहेर गेलात की ओढ निम्मी. शिवाय छापलेला आकडा असतो सर्व्हो अडून थांबतो त्या क्षणाचा. रोजच्या कामात त्याच्या तिसऱ्या हिश्शापर्यंतच जावं, असं मी आता सांगतो. आणखी एक मेख व्होल्टेजची. तोच सर्व्हो ४.८ व्होल्टवर एक टॉर्क देतो, ६ व्होल्टवर त्याहून जास्त, आणि खोक्यावर ठळक अक्षरांत कुठला छापतात, ते सांगायला नको. वेगाचंही तेच. ६० अंश फिरायला किती सेकंद लागतात, तो त्याचा वेग, पण तो हॉर्नवर काहीच वजन नसताना मोजलेला.

मग ते गृहस्थ आले. फोमचं छानसं स्पोर्ट विमान, चार साधे ९ ग्रॅमचे सर्व्हो, तीन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी. त्यांना "जरा चांगले" हवे होते. मी उत्साहाने चार डिजिटल, मेटल गिअरवाले सर्व्हो दिले. टॉर्क जवळजवळ दुप्पट. आठवड्याभराने ते खोकं घेऊन आले. आवाज चढवला नाही, काही नाही. खोक्यातून विमानाचे तुकडे काढून टेबलावर मांडले आणि म्हणाले, "सर्व्हो चारही चालतायत. बघा."

चालत होतेच. एकही डब्यात टाकण्यासारखा नव्हता, आणि मला तेच जास्त लागलं.

झालं असं होतं. सर्व्हो आणि रेडिओचा संकेत पकडणारा रिसीव्हर या दोघांना वीज देणारा बीईसी त्यांच्या मोटरचा वेग सांभाळणाऱ्या स्पीड कंट्रोलरमध्येच बसवलेला होता, साधा लिनिअर, २ अँपिअरचा. असा बीईसी बॅटरीचे ११.१ व्होल्ट ५ वर आणताना मधला फरक नुसता उष्णता म्हणून जाळतो. एक अँपिअर ओढला तरी सहा वॅट उष्णता, तीही नखाएवढ्या चिपमध्ये. मी मीटर लावून नव्या सर्व्होंपैकी एकाचा हॉर्न बोटाने अडवून धरला, तर तो एकटाच अँपिअरच्या घरात गेला. ते खालून वेगात येत होते. विमानाचं नाक उचलणारा शेपटीवरचा एलिव्हेटर जोरात खेचला, त्याच क्षणी विमान कलतं करणारा पंखावरचा एलेरॉनही दिला. चारही सर्व्होंनी एकदम वीज मागितली, व्होल्टेज बसलं, रिसीव्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला. जोडणी परत जुळायला लागतात त्या सेकंद-दोन सेकंदांत जमीन आली. जुने अशक्त सर्व्हो असते तर विमान कदाचित अजून उडत असतं.

विमानाचा खर्च आम्ही उचलला. त्या रात्री बायकोने एक पुठ्ठा घेतला, त्यावर पाच प्रश्न लिहिले आणि गल्ल्यासमोर टांगला. "अहो, याची उत्तरं घेतल्याशिवाय कपाट उघडायचं नाही," एवढंच म्हणाली. पुठ्ठा दोनदा बदलला, प्रश्न तेच आहेत. विमानाचं वजन आणि वेग काय? हलणारा पृष्ठभाग केवढा, आणि किती अंश हलवायचा? वीज कुठून येणार? इंजिन की मोटर? आणि सर्व्हो बसणार कुठे?

सुरुवातीला लोक चिडायचे. सर्व्हो मागितला तर हा माणूस मुलाखत घेतो! एकाने तोंडावर म्हटलं, "द्यायचा असेल तर द्या, नाहीतर राहू द्या." राहू दिला. ते वर्ष विक्रीचं वाईट गेलं, हे लपवत नाही.

पण पहिल्या दोन प्रश्नांनीच निम्मं काम होतं. एलेरॉनवर येणारा हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. पृष्ठभागाच्या रुंदीचंही तसंच, लांबीचं मात्र सरळ. म्हणून संथ ग्लायडरच्या लांबलचक अरुंद एलेरॉनला छोटा सर्व्हो पुरतो आणि तेवढ्याच वजनाच्या वेगवान विमानाच्या रुंद एलेरॉनला तोच कमी पडतो. नुसत्या वजनावरून सर्व्हो निवडायचे तक्ते मिळतात. पहिला अंदाज घ्यायला ठीक, त्यापुढे मी त्यांच्यावर विसंबत नाही.

आणि कितीदा तरी उत्तर असं निघतं, की नवा सर्व्हो नकोच. परवा एक मुलगा आला, म्हणाला, "काका, सर्व्हो दमतो." विमान सोबत होतं. सर्व्हो आणि एलेरॉन जोडणारी सळई, म्हणजे पुशरॉड, सर्व्होच्या हॉर्नवर सगळ्यात बाहेरच्या भोकात, एलेरॉनच्या हॉर्नवर सगळ्यात आतल्या. एलेरॉन फारच हलायला लागला म्हणून त्याने ट्रान्समीटरमध्ये हालचाल चाळीस टक्क्यांवर आणून ठेवलेली. म्हणजे सर्व्होची निम्म्याहून जास्त फेक वाया, आणि जोर लागतोय तो उलट्या तरफेवर. मी पुशरॉडच्या टोकाचा चिमटा, म्हणजे क्लेव्हिस, काढला, सर्व्होच्या बाजूला आत आणला, एलेरॉनच्या बाजूला बाहेर नेला, ट्रान्समीटर परत शंभरावर. एलेरॉन पाहिजे तेवढाच हलायला लागला, जोर दुपटीच्या वर गेला, आणि गिअरमधली ढिलाई एलेरॉनच्या टोकाशी निम्म्याहून कमी जाणवू लागली. विक्री शून्य. बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं नाही.

ढिलाईबद्दल मी जरा हट्टी आहे. मेटल गिअर म्हणजे भारी, नायलॉन म्हणजे हलका, हा समज काही जात नाही. नायलॉनचा दात उतरताना बसलेल्या एका ठोक्यात उडतो, हे खरं. म्हणून नाकाच्या चाकाला किंवा जमिनीच्या जवळ लोंबणाऱ्या फ्लॅपला मेटल द्यावा. पण मेटलचे दाते एकमेकांवर घासून झिजतात आणि मध्याशी फट पडते, कारण विमानाचं जास्तीत जास्त उडणं मध्याच्या आसपासच होतं. छोट्या सर्व्होत तर लवकरच. वेगवान विमानात अशी फट, त्यात पुशरॉड लवचिक आणि हॉर्नचं भोक मोठं झालेलं, असं सगळं जमून आलं की फ्लटर, म्हणजे एलेरॉन हवेत आपोआप फडफडायला लागतो. तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. जाड कापड टराटरा फाडल्यासारखा, आणि तो थांबतो तेव्हा बहुधा एलेरॉन जागेवर नसतो. शिकाऊ फोम विमानाला मी आजही नायलॉनच देतो, सोबत गिअरचा एक जादा संच.

इंजिनवाल्यांना आणखी एक गोष्ट बसवूनच दाखवतो. सर्व्होच्या कानात, म्हणजे स्क्रूच्या भोकांत, घालायचे रबरी ग्रॉमेट आणि त्यांच्या आतली पितळी नळी, म्हणजे बुश. बुशची रुंद कड खाली, लाकडाकडे. दहातले सहा जण ती वर ठेवतात. मग स्क्रू आवळला की बुश लाकडात रुततो, रबर दाबून मरतं, आणि इंजिनाचा सगळा थरकाप सर्व्होत जातो. आत पोटेन्शिओमीटरचा ब्रश एकाच जागी घासत राहतो आणि काही महिन्यांत सर्व्हो मध्याशी थरथरायला लागतो. आमच्या डब्यातले असे बरेच आहेत. त्यांच्या मोटरला काहीही झालेलं नाही.

हॉर्नच्या खणाचीही एक कथा आहे, पण थोडक्यात. फुताबा कंपनीच्या दांड्याला २५ दाते, जेआरच्या २३, हायटेकच्या जुन्या स्टँडर्ड सर्व्होंना २४. पूर्वी तिन्ही एकाच खणात होते. चोवीसचा हॉर्न पंचविसाच्या दांड्यावर दाबून बसवला, तर तो बसल्यासारखा वाटतो. आता खण तीन आहेत आणि तिन्हींना रंग आहेत.

मधे एक मोठा फटका बसला. एका पुरवठादाराकडून नामांकित लेबलचे सर्व्हो घाऊक घेतले, भाव फार चांगला होता. त्यातच समजायला हवं होतं. सवयीने दोन उघडले. लेबलवर मेटल गिअर, आत शेवटचं चक्र पितळी आणि मधलं प्लास्टिकचं. वजनही ठरल्यापेक्षा कमी. त्या माणसाने फोन उचलणं बंद केलं. लेबल खरडून स्वस्तात विकून टाकू, असं मी एकदा म्हणालो. बायकोने उत्तर न देता टेबलाखालचा डबा पायाने पुढे सरकवला. सगळा माल त्यात गेला, डबा तेव्हाच मोठा घ्यावा लागला.

पण त्या मालामुळे प्रत्येक सर्व्हो तपासायची सवय लागली आणि पुढे तेच आमचं मुख्य काम झालं. पद्धत अगदी साधी. हॉर्नला वीतभर लांब काडी चिकटवायची, मागे अंशांची खूण केलेला कागद. सर्व्हो टेस्टरवरून १५०० मायक्रोसेकंदांचा स्पंद द्यायचा, म्हणजे मध्य. मग एकदा डावीकडून मध्यावर आणायचं, एकदा उजवीकडून. काडी दोन्ही वेळा एकाच रेघेवर थांबली पाहिजे. मग १००० आणि २००० वर दोन्ही टोकं बघायची. एकाच खोक्यातले, एकाच दिवशी बनलेले सर्व्होसुद्धा सारखे निघत नाहीत. एका बाजूला दोन अंश जास्त जाणारे निघतात, मध्य जरासा सरकलेले निघतात. शेपटीवरच्या एकट्या उभ्या रडरला हे चालून जातं. पण एलिव्हेटरचे दोन भाग दोन सर्व्होंवर असतील, किंवा मोठ्या विमानाच्या एकाच एलेरॉनवर दोन सर्व्हो असतील, तर ते एकमेकांशी भांडतात. बाहेरून काही दिसत नाही. नुसता गुणगुणल्यासारखा आवाज येतो, करंट चढलेला राहतो आणि केस कोमट लागते. आम्ही जुळणारे सर्व्हो शोधून जोड्या बांधतो आणि प्रत्येक जोडीवर मोजलेले आकडे हाताने लिहितो. आता बरेच लोक फक्त त्यासाठीच येतात. ते खोकंवाले गृहस्थही येतात. हल्ली पेट्रोल इंजिनाची मोठी विमानं उडवतात, आणि वीज कुठून घेणार ते मी विचारायच्या आधीच सांगतात.

जे विकत नाही, तेही सांगून टाकतो. हेलिकॉप्टरच्या शेपटीसाठी ७६० मायक्रोसेकंदांवर मध्य असलेले सर्व्हो मिळतात. वेगाचा आकडा बघून विमानवाल्यांना त्यांचा मोह होतो. साध्या रिसीव्हरला जोडले की मध्य शोधत टोकाला जाऊन धडकतात आणि तिथेच तापून मरतात. असे दोन डब्यात आहेत. ५ व्होल्टचा सर्व्हो थेट दोन सेलच्या लिथियमवर लावून बघू का, असं कुणी विचारलं, तर मी डब्याकडे बोट दाखवतो. भरलेली बॅटरी ८.४ व्होल्ट देते.

ब्रशलेस, म्हणजे ब्रश नसलेल्या मोटरचे, सर्व्हो ठेवायचे की नाही, यावर घरात अजून एकमत नाही. टिकतात छान, पण बिघडले तर आम्हाला सगळ्याच दुरुस्त्या जमत नाहीत, आणि जे उघडून नीट करता येत नाही ते विकायला माझं मन होत नाही. बायको म्हणते, शिका.

सध्या टेबलावर एका मोठ्या विमानाचे दोन एलिव्हेटर सर्व्हो काड्या लावून ठेवलेत. मध्य जुळतो, पण वरच्या टोकाला अर्ध्या अंशाचा फरक आहे. कपाटात त्याच मापाचे अकरा आहेत. सात बघून झाले.