काठाला धरून : मानाउस ते ताबातिंगा

ब्राझीलमधल्या मानाउस शहराहून ॲमेझॉनच्या उगमाच्या दिशेने निघालेली नदीची रेघ कोलंबिया आणि पेरूच्या सीमेला जिथे भिडते, तिथे ताबातिंगा हे ब्राझीलचे शेवटचे गाव आहे. नदीमार्गे हे अंतर सुमारे १,६०० किलोमीटर भरते आणि या दोन ठिकाणांना जोडणारा रस्ता नाही. विमान टाळायचे असेल, तर वेगवान लाँच दीड-दोन दिवसांत पोहोचवते. माल आणि माणसे एकत्र वाहून नेणारी तीन मजली संथ बोट मात्र प्रवाहाबरोबर तीन-चार दिवस आणि प्रवाहाविरुद्ध सहा-सात दिवस घेते. पाठीवर पिशवी टाकून फिरणारे बहुतेक प्रवासी पेरू किंवा कोलंबियाच्या बाजूने येतात आणि साहजिकच प्रवाहाबरोबर मानाउसला उतरतात. मी मे महिन्यात मुद्दाम उलट्या दिशेने गेले, आणि या प्रवासाविषयी कोणी मला एकच सल्ला विचारला, तर मी हाच देईन.

त्याचे कारण अगदी व्यवहाराचे आहे. खाली येणारी बोट प्रवाहाचा जोर मिळावा म्हणून पात्राच्या मधोमध चालते. पात्र अनेक ठिकाणी दोन-तीन किलोमीटर रुंद असल्यामुळे तिच्यावरच्या प्रवाशाला दोन्हीकडे जंगल दिसते ते हिरव्या पट्टीएवढे, आणि तीन दिवसांनंतर त्या पट्टीचाही कंटाळा येतो. वर चढणाऱ्या बोटीला प्रवाहाशी झुंजून इंधन जाळणे परवडत नाही. त्यामुळे ती काठाजवळचे मंद पाणी शोधत, वळणाच्या आतल्या बाजूला सरकत, एका काठावरून दुसऱ्या काठाकडे जात पुढे जाते. झाडे इतकी जवळून जातात, की फांदीला लोंबणारी पक्ष्यांची घरटी मोजता येतात आणि पाण्यात बुडालेल्या घराच्या ओसरीवर बसलेले मूल हात हलवते, तेव्हा त्याचे पडलेले दात दिसतात.

तयारीबद्दल फार लिहीत नाही. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यावी, थोडी तरी पोर्तुगीज शिकावी (स्पॅनिशवर भागेल ही समजूत पहिल्याच दिवशी मावळते) आणि मानाउसच्या बंदराजवळच्या दुकानांतून झोपायची कापडी झोळी (हॅमॉक) व ती टांगायला दोन दोर विकत घ्यावेत. बोटीवर झोपण्याची सोय म्हणजे छताखालचे लोखंडी दांडे, बाकी सारे आपले आपण. झोळी टांगायला सुटण्याच्या कितीतरी तास आधी पोहोचायचे असते, हे मला ठाऊक होते. तरीही मी बाजारात रेंगाळले आणि शेवटच्या तासाला चढले, तेव्हा उरलेली एकमेव जागा स्वच्छतागृहाच्या दारासमोर, रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली होती. दोष सर्वस्वी माझा. शेजारच्या आजीबाईंनी माझी झोपण्याची धडपड तासभर पाहिली आणि अखेर उठून मला हाताला धरून आडवे केले : झोळीत लांबीच्या रेषेत झोपायचे नसते, तिरके झोपायचे असते, म्हणजे कापड ताणले जाते आणि पाठ सरळ राहते. त्यानंतर मी दिव्याखालीही उत्तम झोपले.

बोट सुटण्यापूर्वी बंदरावर एक गोष्ट अवश्य पाहावी. धक्क्याजवळच्या भिंतीवर निरनिराळ्या वर्षांच्या पुरांच्या खुणा आहेत. मानाउसला रिओ नेग्रो नदीच्या पातळीची नोंद १९०२ पासून ठेवली जाते. त्या नोंदीतील सर्वांत उंच पातळी जून २०२१ मधील ३०.०२ मीटर, तर सर्वांत खालची ऑक्टोबर २०२४ मधील १२.११ मीटर. म्हणजे जवळजवळ १८ मीटरचा, सहा मजली इमारतीएवढा फरक. अपवादाची वर्षे सोडली, तरी दरवर्षी नदी सरासरी दहा मीटरच्या आसपास चढते आणि उतरते, म्हणूनच इथला मुख्य धक्का तरंगता आहे आणि पाण्याबरोबर वरखाली होतो. पुढच्या दिवसांत मला जे जे दिसले, घरांचे खांब, झाडांच्या बुंध्यांवरचे तपकिरी पट्टे, कुंपण नसलेली शेते, त्या साऱ्याचा अर्थ या भिंतीवरून लागत गेला.

मानाउस हे रिओ नेग्रोच्या काठी वसलेले आहे. सोलिमोइंस, म्हणजे ॲमेझॉनचाच मानाउसच्या वरचा भाग, गाठण्यासाठी आमची बोट आधी नेग्रोतून थोडी खाली गेली आणि दोन नद्यांच्या संगमावरून वळली. एकीकडे चहाच्या कोऱ्या काढ्यासारखे काळसर पाणी आणि दुसरीकडे दुधाच्या चहासारखे गढूळ पाणी, आणि दोहोंमधली सीमा सुमारे सहा किलोमीटरपर्यंत मिसळत नाही. नेग्रोचे पाणी उबदार आणि संथ, सोलिमोइंसचे थंड, वेगवान आणि गाळाने जड. सोलिमोइंस अँडीज पर्वतांतून ताजा गाळ घेऊन येते. नेग्रो प्राचीन खडकांच्या आणि वाळूच्या प्रदेशातून येते, तिच्यात गाळ जवळजवळ नसतो, कुजलेल्या पानांचा अर्क मात्र भरपूर असतो आणि तोच तिला काळे करतो. ते आम्लधर्मी पाणी डासांच्या अळ्यांना मानवत नाही, त्यामुळे नेग्रोच्या काठी डास कमी. हे मला पुस्तकातून माहीत होते. सोलिमोइंसमध्ये शिरल्यावर पहिल्याच थांब्यावर ते अंगावरही उमटले. बोट चालू असताना वारा डासांना टिकू देत नाही, थांबली की ते येतात.

बोटीवरचा दिवस जेवणाच्या घंटेने ठरतो. सकाळी अतिशय गोड कॉफी आणि बिस्किटे, दुपारी भात, घेवडा, शेवया आणि कोंबडी, आणि संध्याकाळी सूर्य मावळण्याआधीच पुन्हा तेच. सोबत फारिन्या, म्हणजे कसाव्याच्या कंदाचा भाजलेला रवा, जो पहिल्या घासाला वाळूसारखा दातांत रुततो आणि चौथ्या दिवशी नसला तर चुकल्यासारखे वाटते. तळमजल्यावर कांद्याची पोती, शीतपेटी, गाद्या आणि एक मोटारसायकल होती, मधल्या मजल्यावर आमच्या शंभरेक झोळ्या एकमेकींना खेटून. सर्वांत वर चहाकॉफीचे दुकान होते आणि तिथले कर्णे नदीची शांतता ऐकायला आलेल्यांची फजिती करायलाच बसवले असावेत. रात्री मात्र वर जाऊन उभे राहावे. पुरात वाहून आलेले ओंडके आणि गवताची तरंगती बेटे चुकवण्यासाठी सुकाणूवाला मोठा प्रकाशझोत थोड्या थोड्या वेळाने पाण्यावर आणि काठावर टाकतो. क्षणभर एक झाड, त्याच्या फांदीवर निजलेला पांढरा बगळा, खाली मगरीचे लाल चमकणारे डोळे असे सारे दिसते, आणि पुन्हा अंधार. एकदा त्या झोतात काठाचा मोठा तुकडा झाडांसकट पाण्यात कोसळताना दिसला. त्याचा आवाज आमच्यापर्यंत पोहोचायला थोडा वेळ लागला, आणि त्यानंतर आलेल्या लाटेने शंभर झोळ्या एकाच लयीत हलल्या.

नदीकाठचे हे बुडणारे जंगल म्हणजे वार्झिआ. गढूळ नदीच्या गाळाने दरवर्षी ते भरते, म्हणून सुपीक असते. काळ्या नदीच्या पुरात बुडणाऱ्या जंगलाला इगापो हे वेगळे नाव आहे, आणि कधीच न बुडणारी उंच जमीन ती तेरा फिर्मे. मे महिन्यात वार्झिआत जमीन नावाला उरली नव्हती. आमच्या डाव्या हाताला तासन्‌तास अशी झाडे सरकत होती, ज्यांची फक्त वरची अर्धी उंची दिसत होती. या दिवसांत मासे अक्षरशः जंगलात चरायला जातात. तांबाकी नावाचा मोठा मासा रबराच्या झाडाखाली थांबतो, फळ तडकून पाण्यात पडलेल्या बिया भक्कम दातांनी फोडून खातो, आणि इतर अनेक फळांच्या बिया पोटातून दूरवर नेऊन टाकतो. बोटीवरून यातले काहीही दिसत नाही. हे मी स्पष्ट लिहिते, कारण बोटीच्या तिकिटात वर्षावनाचे दर्शन आले असे मानणाऱ्यांची निराशा होते. बोटीवरून जंगलाची कड दिसते. आत जायचे असेल, तर उतरावे लागते.

मी तेफेला उतरले, तिसऱ्या दिवशी सकाळी. एकोणिसाव्या शतकात या गावाचे नाव एगा होते आणि हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाचा तळ इथे कित्येक वर्षे होता. १८४८ मध्ये तो आल्फ्रेड रसेल वॉलेसबरोबर ॲमेझॉनवर आला, वॉलेस चार वर्षांत परतला, बेट्स ११ वर्षे राहिला. त्याने गोळा केलेल्या १४,००० हून अधिक जातींपैकी सुमारे ८,००० जाती, त्यांत बहुसंख्य कीटक, विज्ञानाला तोवर अज्ञात होत्या. पक्ष्यांना चवीला नकोशा असलेल्या फुलपाखरांचा वेष दुसरीच, खाण्याजोगी फुलपाखरे घेतात, हे त्याने १८६२ मध्ये मांडले आणि त्या अनुकरणाला आजही त्याचेच नाव आहे.

तेफेहून लहान होडीने मामिराउआ राखीव क्षेत्रात जाता येते. पूर्ण टक्कल आणि लालभडक चेहरा असलेल्या पांढऱ्या उआकारी माकडाचा अभ्यास करणाऱ्या जोझे मार्सिओ आयरेस या ब्राझिली शास्त्रज्ञाच्या पाठपुराव्यातून १९९० मध्ये हे क्षेत्र संरक्षित झाले. तोवरच्या कायद्याप्रमाणे तिथल्या रहिवाशांना बाहेर काढावे लागले असते. त्याऐवजी १९९६ मध्ये लोकांना सामावून घेणारा शाश्वत विकास राखीव क्षेत्र हा नवा प्रकार तयार झाला, आणि मामिराउआ हे ब्राझीलमधले तसे पहिले क्षेत्र ठरले. आकाराने ते ११ लाख हेक्टरांहून मोठे आहे.

तिथे वाटाड्याने होडीचे यंत्र बंद केले आणि वल्ह्याने आम्हाला झाडांच्या शेंड्यांमधून नेले. आपण जमिनीपासून दहा मीटर उंचीवर, फांद्यांच्या पातळीवर तरंगत आहोत हे डोक्याला पटायला वेळ लागतो. एरवी मान मोडून पाहावे लागणारे स्लॉथ, म्हणजे फांद्यांना लोंबणारे ते अतिसंथ प्राणी, इथे समोर येतात. जग्वार पुराचे तीन-चार महिने झाडांवरच काढतो, तिथेच शिकार करतो आणि पिल्लेही वाढवतो, हे इथल्या संशोधकांनी सिद्ध केले आहे. मला जग्वार दिसला नाही, खोडावरचे ओरखडे दिसले, आणि वाटाड्याने ते जुने असल्याचे प्रामाणिकपणे सांगितले.

माझ्या मनात अधिक राहिला तो पिरारुकू. हा मासा तीन मीटरपर्यंत वाढतो आणि त्याला हवेत श्वास घ्यावा लागतो, त्यामुळे दर दहा-वीस मिनिटांनी तो वर येतो. याच सवयीमुळे भाले घेऊन बसणाऱ्यांनी तो जवळजवळ संपवला होता आणि याच सवयीमुळे तो वाचला. अनुभवी कोळी ठरावीक वेळ पाण्यावर नजर ठेवून वर येणारे मासे मोजतात. १९९९ पासून मामिराउआत या मोजणीवर आधारित मासेमारी सुरू झाली : मोजलेल्या प्रौढ माशांपैकी जास्तीत जास्त ३० टक्के, दीड मीटरहून मोठेच आणि परवानगीच्या मोसमातच. मोजणी पाणी उतरल्यावर, मासे तळ्यांत अडकतात तेव्हा होते, त्यामुळे मला ती पाहता आली नाही. वाटाड्याने मात्र मासा वर आल्याचा आवाज ओळखण्याच्या सरावासाठी मला डोळे मिटायला लावले. एका बाजूने दार आपटल्यासारखा आवाज आला, मी मगर म्हणाले, तो नुसताच हसला. दुसऱ्यांदा मला ओळखता आले.

परतीच्या वाटेवर तेफेच्या तळ्यात गुलाबी डॉल्फिन, म्हणजे बोतो, आमच्यापुढे उसळत होते. याच तळ्यात २०२३ च्या दुष्काळात पाण्याचे तापमान ४० अंशांच्या आसपास गेले आणि काही दिवसांत दीडशेहून अधिक डॉल्फिन मरून पडले. वाटाड्या तेव्हाचे सांगत होता : जिथे आता आम्ही तरंगत होतो, तिथून लोक पिण्याच्या पाण्याचे बुधले खांद्यावर घेऊन चिखल तुडवत चालले होते आणि मोठ्या बोटी वरपर्यंत येतच नव्हत्या. मानाउसच्या भिंतीवरून मी पुराचीच उंची वाचली होती, कोरडी बाजू मला इथे ऐकायला मिळाली.

तेफेपासून पुढचे चार दिवस फोंते बोआ, जुताई, सांतो आंतोनिओ दो इसा अशी गावे येत गेली. प्रत्येक ठिकाणी अर्धे गाव धक्क्यावर, कांद्याची पोती खाली, केळ्यांचे घड वर, आणि तेवढ्या गोंधळातही कोणाच्या झोळीची गाठ कोणी सोडली नाही. नदी दिवसेंदिवस अरुंद होईल ही माझी अपेक्षा होती, तसे काही जाणवले नाही. ताबातिंगा समुद्रापासून तीन हजारांहून अधिक किलोमीटर दूर असूनही समुद्रसपाटीपासून शंभर मीटरसुद्धा उंच नाही, म्हणजे दर किलोमीटरला नदी दोन-तीन सेंटिमीटरच उतरते. साओ पाउलो दि ओलिवेन्साजवळ तिकुना कुटुंबे चढली. ब्राझीलच्या ॲमेझॉनमधील ही सर्वांत मोठ्या संख्येची आदिवासी जमात, आणि त्या दिवसापासून शेजारच्या झोळ्यांतून पोर्तुगीजपेक्षा तिकुना अधिक ऐकू येऊ लागली. माझ्या चार शिकलेल्या वाक्यांचा उपयोग तिथे संपला.

ताबातिंगाला घड्याळ एक तास मागे घ्यावे लागते. बोट धक्क्याला लागताच झोळ्या पाच मिनिटांत सुटल्या, मजला एकदम ओस आणि विचित्र मोठा दिसू लागला. पारपत्रावर ब्राझीलबाहेर पडल्याचा शिक्का घ्यायला मी पोलिसांच्या कार्यालयाकडे निघाले. तिथून कोलंबियातल्या लेतिसियाला पायीच जाता येते. वाटेत मागे वळून पाहिले, तेव्हा मानाउसला निघालेली दुसरी बोट धक्का सोडून सरळ नदीच्या मध्याकडे वळत होती. तिच्या कठड्याला टेकलेले प्रवासी काठाकडे पाहत होते, आणि काठ त्यांच्यापासून झपाट्याने दूर जात होता.