दोन रात्री, आठ जेवणं: बोटीवरची रोजनिशी

शुक्रवार, सकाळ

मुंबईहून सुटणाऱ्या दोन रात्रींच्या क्रूझला नाशिकहून जायचं, तर नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेस सातच्या सुमारास निघते आणि अकराच्या आत-बाहेर सीएसएमटीला उतरवते. तिथून बॅलार्ड पिअर, म्हणजे बोटीचा धक्का, टॅक्सीने दहा मिनिटं. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, त्यामुळे कारने निघालं तर कसारा घाट टळतो आणि सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून झटकन खाली उतरता येतं. पण पुढे भिवंडी-ठाण्याची कोंडी आहेच, शिवाय बोटीवर असताना कार कुठे लावायची हा प्रश्न उरतो. पंचवटीच बरी.

लवकर पोचायचं ते जेवणासाठी. दोन रात्रींच्या तिकिटात नेहमीची खाणी मोजली तर आठ भरतात: आज दुपारचं जेवण, चहा-फराळ, रात्रीचं जेवण, उद्या नाश्ता, जेवण, चहा, पुन्हा जेवण, आणि रविवारचा नाश्ता. या सगळ्यांचे पैसे आपण आधीच मोजलेले असतात. तीन वाजता धक्क्यावर पोचणाऱ्याचं पहिलं जेवण बुडतं, आणि रविवारचा नाश्ता उतरण्याच्या गडबडीत अर्धवट होतो. म्हणून चढायची जी सर्वांत आधीची वेळ मिळेल ती घ्यावी. इगतपुरीला वडापाव दिसला की हात शिवशिवतात, पण एकावर थांबावं.

मोठ्या बॅगा धक्क्यावरच चिठ्ठी लावून ताब्यात घेतात. त्या एक्स-रेतून जाऊन केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ होते. तोवर खांद्यावरच्या पिशवीवर भागवायचं असतं. तिच्यात प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र, औषधं, पोरांचे पोहण्याचे कपडे आणि एक स्वेटर हवा, कारण जेवणघरातला एसी बोचरा असतो. इस्त्री, किटली, एक्स्टेन्शन बोर्ड तपासणीत काढून घेतात. घरून नेलेल्या खाण्यालाही सहसा मनाई असते. चिवड्याचं पाकीट न्यायचं असेल तर बुकिंग करतानाच विचारावं, नाहीतर ते धक्क्यावर राहतं. तान्ह्या बाळाच्या खाण्याला सवलत मिळते, पण तीही आधी सांगून ठेवावी.

शुक्रवार, दुपार

बुफेवर पहिली चूक अशी की लोक दारातून शिरतात आणि पहिल्याच भांड्यासमोर ताट भरायला लागतात. तिथे असतात सॅलड, पाव, नूडल्स. शेवटी गरम काही दिसेपर्यंत ताटात जागा उरत नाही. आधी रिकाम्या हाताने एक पूर्ण फेरी मारावी. कुठे समोर करून देतात आणि कुठे नुसतं झाकून ठेवलंय, हे त्या फेरीत कळतं.

झाकलेल्या भांड्यांचं शास्त्र साधं आहे. खाली गरम पाणी, वर पदार्थाचा ट्रे, त्यावर झाकण. गरम अन्न ६० अंशांच्या वर राहिलं पाहिजे म्हणून ही सोय. पण झाकणाला जमलेली वाफ थेंब होऊन खाली पडते आणि भजी, कटलेट, पुऱ्या दहा मिनिटांत मऊ पडतात. ग्रेव्हीचं उलटं होतं. झाकण सारखं उघडलं की पाणी उडतं, रस्सा आटतो आणि मीठ पुढे येतं. एकच पनीरची भाजी साडेबाराला बरी लागते आणि अडीचला खारट, ती यामुळे. म्हणून तळलेल्या पदार्थाचा ट्रे आतून नवा आला की त्यातले दोनच नग घ्यावेत, रस्से जेवणाच्या सुरुवातीला घ्यावेत आणि उशीर झालाच तर डोसा किंवा पास्ता करून देतात तिथे उभं राहावं. डोशाची रांग लांब दिसते. पण तव्यावर एका वेळी किती निघतात ते मोजावं. चार निघत असतील तर पुढच्या बारा माणसांना फार वेळ लागत नाही.

आणखी एक. आगीच्या भीतीने बोटीच्या मुदपाकखान्यात उघडी ज्योत टाळतात, स्वयंपाक विजेच्या शेगड्यांवर आणि भट्ट्यांमध्ये होतो. विस्तवावर टम्म फुगलेला फुलका, कोळशाचा वास लागलेलं वांगं, आरावर शेकलेली भाकरी तिथे मिळत नाही. फुलका तव्यावरच दाबून शेकलेला असतो, गार झाला की चिवट होतो. एकेक मागवावा. त्यापेक्षा भात, इडली, उत्तप्पा, भट्टीतला पाव हे पदार्थ विजेवर बिघडत नाहीत. समुद्रावर आहोत म्हणून ताज्या सुरमईची आस धरू नये. किराणा आणि मासळी बंदरातच चढते, आणि इतक्या लोकांसाठी बहुतेकदा बर्फातला बिनकाट्याचा मासा असतो. तुकडा तव्यावरचा असेल तर घ्यावा, पिवळ्या रश्श्यातला सोडावा.

सुटण्याआधी सुरक्षेची कवायत असते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, म्हणजे आपल्या ठरलेल्या जागी जमायचं. आजीला जिन्याची सवय नसेल तर ती जागा आधीच दाखवून आणावी.

शुक्रवार, संध्याकाळ

धक्का सुटला की थोड्या वेळात मोबाइलची रेंज जाते. फोन विमान-मोडवर टाकावा. बोटीवरचं नेटवर्क पकडलं तर रोमिंगचं बिल जबर येतं.

ऑक्टोबर ते मे हा हंगाम. त्यातही हिवाळ्यात अरबी समुद्र शांत असतो. तरी मळमळायचं त्याला मळमळतंच. कान हलतंय म्हणतो आणि डोळ्यांसमोरची भिंत स्थिर दिसते, या भांडणातून ते होतं. म्हणून केबिनमध्ये पडून फोन बघणं सर्वांत वाईट. उघड्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघावं. केबिन निवडायची संधी असेल तर खालच्या मजल्यावरची, लांबीच्या मधोमध असलेली घ्यावी, तिथे हेलकावा कमी. गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास घ्यायची असते. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात राहतच नाही. झोप येते, आणि लहान मुलांचा डोस वेगळा असतो, म्हणून डॉक्टरांना नाशिकमध्येच विचारून ठेवावं.

या रात्री उपाशी राहणं आणि तुडुंब खाणं दोन्ही चुकीचं. दहीभात, खिचडी, कोरडी बिस्किटं, आल्याचा तुकडा. छोले-भटुरे उद्या.

शनिवार

खरा खाण्याचा दिवस हा. नाश्त्याला पहिल्या अर्ध्या तासात जावं. नऊनंतर सगळी बोट एकदम उठते.

मिसळीची आठवण नाशिककराला होणारच. नावाला उसळ-पाव दिसला तरी काळ्या मसाल्याची तर्री, बाजूला पापड नि दही असलं काही समजू नये. एकाच कढईतून सुरतेचं कुटुंब, दिल्लीचं कुटुंब आणि पाच वर्षांचं पोर असे सगळे जेवणार असतात, तेव्हा तिखट मधल्या घरात ठेवतात. हिरवी मिरची आणि लिंबू मागितलं की आणून देतात, त्यात निम्मं काम होतं.

जैन जेवण बऱ्याच ठिकाणी वेगळं मिळतं, पण बुकिंगमध्ये नोंद हवी. उपवासाचं तसं नाही. साबुदाणा धरून चालू नये. आदल्या रात्री जेवणघराच्या मुख्य माणसाला सांगितलं तर उकडलेला बटाटा, दूध, फळं, दही यांची सोय होते. सकाळी सांगितलं तर फळांवरच भागतं. मधुमेह असणाऱ्यांनी इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवावं. केबिनमधला छोटा फ्रिज पुरेसा गार असेलच असं नाही, तिथल्या दवाखान्यात विचारावं.

चहा हा स्वतंत्र दुखरा विषय. दिवसभर यंत्रातला किंवा बुडवायच्या पुडीचा असतो. उकळलेला, आलं घातलेला चहा संध्याकाळच्या फराळाबरोबर मिळाला तर मिळाला, आणि तो संपतो आधी. भज्यांच्या आधी चहाकडे जावं.

हात साबणानेच धुवावेत. दारातला सॅनिटायझर चोळून काम भागतं असं वाटतं, पण बोटींवर पसरणाऱ्या, उलट्या-जुलाब आणणाऱ्या नोरोव्हायरसवर अल्कोहोलचा सॅनिटायझर भरवशाचा नाही. शेकडो हात लागतात तो वाढायचा डाव. म्हणून ताट वाढून घेतल्यावर, खायला बसण्याआधी एकदा पुन्हा धुवायचे.

शनिवार, रात्र

बोटीवर रोख चालत नाही, केबिनचं कार्डच किल्ली आणि पाकीट. बुफे तिकिटात असतो. शीतपेयं, मद्य, वेगळ्या उपाहारगृहातलं जेवण जादा, त्यावर कर. पोरांच्या कार्डावरची खरेदी पहिल्याच दिवशी बंद करून घ्यावी, नाहीतर मॉकटेलांचा हिशोब शेवटी लागतो. बिल आजच रात्री काउंटरवर बघावं. सकाळी तिथे रांग असते, आणि चुकून लागलेली रक्कम रांगेत उभं राहून कोणी भांडत नाही.

मोठ्या बॅगा रात्री दाराबाहेर ठेवायच्या असतात. उद्याचे कपडे आधी बाजूला काढावेत. हे विसरणारा दर खेपेला एक तरी असतो आणि तो नाइट पँटवर मुंबईत उतरतो.

रविवार

नाश्ता हलका. सकाळी उतरलं तरी परतीची पंचवटी संध्याकाळी सव्वासहाच्या सुमाराची, म्हणून सामान सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये टाकावं. जमिनीवर आल्यावरही दिवसभर पाय हलल्यासारखे वाटतात. डोळे मिटून डोक्यावरून पाणी घेताना तोल जास्त जातो, तेव्हा घरी पोचल्यावर आजीसाठी मोरीत स्टूल ठेवावं आणि दाराला कडी लावू देऊ नये.