दूरसंचार धोरणात आकडे नाही, व्याख्या वाचा

देशाचं नवं दूरसंचार धोरण आलं की बातम्या होतात त्या लक्ष्यांच्या. इतक्या कोटी जोडण्या, इतका वेग, अमुक सालापर्यंत. धोरणातला सगळ्यात स्वस्त भाग तोच. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने १९९७ पर्यंत मागेल त्याला फोन आणि प्रत्येक गावात फोन असं कबूल केलं होतं. १९९९ चं धोरण लिहायला घेतलं तेव्हा दोन्ही बाकीच होतं. आकडा चुकला तर पुढच्या धोरणात तारीख बदलून घेता येते. व्याख्या ढिली राहिली तर मात्र ती वीस वर्षं छळते.

ब्रॉडबँडचंच बघा. २००४ च्या धोरणाने ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) असं ठरवलं. शब्द होते ‘वेग देण्याची क्षमता असलेली’ जोडणी. क्षमता असणं वेगळं आणि घरात वेग मिळणं वेगळं. मिळाला असं धरलं तरी एक एमबीचा सातबारा उतरायला अर्धा मिनिट. इतकी खालची पायरी ठेवूनही २०१० चं दोन कोटी ग्राहकांचं लक्ष्य निम्म्याच्या आसपास राहिलं. २०१२ च्या धोरणात दोन एमबीपीएसची (सेकंदाला मेगाबिट) भाषा आली, पण अधिकृत व्याख्या २०१३ मध्ये ५१२ केबीपीएसवर आणि दोन एमबीपीएसवर थेट जानेवारी २०२३ मध्ये पोचली. मधल्या काळात धोरण एक मोजत होतं, तक्ते दुसरंच.

टेलिडेन्सिटीही तशीच फसवी. शंभर माणसांमागे किती जोडण्या, एवढंच ती सांगते. म्हणजे मोजली जातात सिमकार्डं. शहरांत हा आकडा शंभराच्या वर आहे, म्हणून शहरातल्या प्रत्येकाकडे फोन आहे असं होत नाही.

पण व्याख्येची खरी किंमत कळते ती एजीआरमध्ये, म्हणजे ज्या ‘समायोजित एकूण महसुला’वर सरकारचा वाटा मोजला जातो त्यात. १९९४ नंतर खाजगी कंपन्यांनी परवान्यासाठी ठोक रकमेच्या बोल्या लावल्या, त्या अवाच्या सवा होत्या, आणि हप्ते थकले. १९९९ च्या धोरणाने ठोक रक्कम काढून महसुलातला वाटा आणला. निर्णय अगदी योग्य. मोबाइल स्वस्त होण्याचा पाया तिथे पडला. फक्त महसूल म्हणजे काय, हे परवान्याच्या करारावर सोडलं गेलं आणि करारात व्याख्या भलतीच ऐसपैस झाली: ठेवींवरचं व्याज, लाभांश, भाडं, जुनी मालमत्ता विकून आलेला पैसा, सगळं आत. कंपन्या म्हणत, वाटा फक्त दूरसंचार सेवेच्या कमाईवर. खटले चालत राहिले. २४ ऑक्टोबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने सरकारची व्याख्या उचलून धरली आणि थकबाकी निघाली सुमारे १.४७ लाख कोटींची. त्यात मुद्दलापेक्षा व्याज, दंड आणि दंडावरचं व्याज जास्त.

गंमत पुढे आहे. गेलसारख्या सरकारी कंपन्यांनीही दूरसंचारचे छोटे परवाने घेतलेले होते. त्याच व्याख्येने त्यांचा गॅस विकून आलेला पैसाही महसुलात मोजला गेला आणि अशा सरकारी कंपन्यांकडे मिळून चार लाख कोटींच्या घरात मागणी गेली! न्यायालयाने खडसावल्यावर २०२० मध्ये त्यातली ९६ टक्के मागे घेतली. बिगर-दूरसंचार उत्पन्न व्याख्येतून वगळलं ते सप्टेंबर २०२१ मध्ये, आणि तेही पुढच्या काळापुरतं. जे एक वाक्य १९९९ मध्ये लिहायला हवं होतं, ते बावीस वर्षांनी आलं.

चौथा शब्द ‘जोडलेली ग्रामपंचायत’. ऑक्टोबर २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळं मंजूर झालं. खर्च सुमारे २०,००० कोटी, अडीच लाख ग्रामपंचायती, प्रत्येकीला १०० एमबीपीएस. पुढे त्याचंच भारतनेट झालं. प्रगतीच्या तक्त्यात रकाना होता ‘सेवेसाठी सज्ज’, म्हणजे केबल पोचली आणि पेटी बसली. ती पेटी, म्हणजे केबलमधल्या प्रकाशाचं इंटरनेट करणारं ओएनटी यंत्र, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात भिंतीवर. कार्यालयाला कुलूप लागलं, वीज गेली, बॅटरी मेली की दिवा बंद. तक्त्यात गाव सज्जच.

जमिनीखालची गोष्ट आणखी वेगळी. नळी १.६५ मीटर खोल टाकायची असा दंडक. दख्खनच्या काळ्या पाषाणात एवढी खोली सगळीकडे मिळत नाही, मग उथळ चर खणून वरून काँक्रीट किंवा लोखंडी पाइपचं संरक्षण द्यावं लागतं. ते वाचवलं की पुढच्या रस्तारुंदीकरणात जेसीबीचा पहिला घास तिथेच. तुटलेल्या जागी नवा तुकडा घालावा लागतो, म्हणजे एका तुटीमागे दोन जोड, आणि प्रत्येक जोडाला प्रकाश थोडा घटतो. पहिल्या टप्प्यात तालुक्याकडून बऱ्याच अंतरापर्यंत बीएसएनएलची आधीचीच केबल वापरली होती, तीही अशीच ठिगळांची. त्यात रचना सरळ रेषेची, त्यामुळे एक तूट झाली की पुढची सगळी गावं अंधारात. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १.३९ लाख कोटींच्या सुधारित कार्यक्रमात वर्तुळाकार रचना आणि दहा वर्षांची देखभाल आली. २०११ च्या हिशोबात केबल टाकण्याचा खर्च होता, ती जिवंत ठेवण्याचा तेवढ्या गांभीर्याने नव्हता.

दरम्यान २०१८ चं राष्ट्रीय डिजिटल संप्रेषण धोरण २०२२ पर्यंत प्रत्येक ग्रामपंचायतीला १० जीबीपीएसचं वचन देऊन मोकळं झालं होतं. मूळ आराखड्याच्या शंभरपट! इतकी उडी मारायला कुठली यंत्रं बदलायची आणि पैसा कुठल्या खात्यातून, हे त्याच पानावर हवं होतं.

पैसा कुठून कसा येणार, हेही धोरणात स्पष्ट असावं लागतं. सार्वत्रिक सेवेसाठी, म्हणजे धंदा परवडत नाही अशा गावांतही सेवा पोचवण्यासाठी, कंपन्यांच्या एजीआरचे पाच टक्के घेतले जातात. ही रक्कम आधी भारताच्या संचित निधीत जमा होते, मग संसदेच्या मंजुरीने त्या कामाला मिळते. म्हणून कागदावर निधी भरलेला आणि काम मात्र पैशांवाचून थांबलेलं, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. शिवाय एजीआरचं भांडण इथेही पोचतं. व्याख्या आखडली की हा निधीही आखडतो.

आणि परवानगी. दूरसंचार हा केंद्राचा विषय, पण जमीन आणि पालिका राज्यांच्या. दिल्लीच्या धोरणाने नगरपालिकेचा रस्ता खणता येत नाही. केबलसाठी रस्ता-जमीन वापरू देण्याच्या २०१६ च्या मार्गाधिकार नियमांनी अर्जाचं शुल्क किलोमीटरमागे जास्तीत जास्त हजार रुपये आणि निकालाला ६० दिवस ठरवून दिले होते. तरी रस्ता पूर्ववत करण्याच्या खर्चावर घोडं अडतंच, कारण तो दर जागोजागी वेगळा.

नव्या धोरणाच्या मसुद्यावर हरकती पाठवायच्या तर व्याख्येची हीच गाळणी लावावी. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, सल्लामसलतीच्या कागदांवर साधारण चार आठवडे सूचना आणि दोन आठवडे प्रतिसूचना घेतात. एवढ्या वेळात पन्नास पानी निबंध नको, एक-एक लक्ष्य उचलावं. ‘सर्व ग्रामपंचायती जोडणार’ असं दिसलं की सुचवावं: जोडलेली म्हणजे महिन्यात किती तास चालू, किती वेगाने, आणि हे कार्यालयातल्या पेटीवर मोजणार की शाळेत, दवाखान्यात, मोजणारा आणि केबल टाकणारा एकच असणार का, तूट किती तासांत जोडणार, न जोडल्यास कुणाच्या बिलातून कापणार. नुसतं ‘वेग वाढवा’ लिहून पाठवलेली सूचना बाजूला पडते. व्याख्येतला बदललेला शब्द, जुन्या वाक्यासकट, लिहून दिला तर निदान त्याला उत्तर द्यावं लागतं.