राणी शेवटी ठरवा: समूहमनाची प्रजाती रचण्याचा माझा अनुभव

विज्ञानकथेसाठी परग्रहावरची समूहमनाची, म्हणजे अनेक शरीरं मिळून एकच मन असलेली, प्रजाती रचायची म्हटलं की हात आधी राणीकडे जातो. एक राणी आणि तिच्या हुकमावर राबणारे हजारो कामकरी. माझा पहिला आराखडा असाच होता आणि तो कोसळला, कारण तीन किलोमीटरवर घडलेली गोष्ट राणीला कळते कशी, याचं उत्तर त्यात नव्हतं. दुसऱ्या वेळी राणीला बाजूला ठेवून निरोपाचा वेग आधी ठरवला. बाकीचा समाज बराचसा त्यातूनच उलगडत गेला.

प्रजातीचं नाव ‘गुंफ’ आणि त्यातल्या एका शरीराचं नाव ‘मणी’. हे मणी आवाजाने जोडलेले. हवा आपल्यासारखी धरली तर आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. आता ‘मन एक’ म्हणजे काय, हे आकड्यात बघायचं. आपल्या पायाला काही लागलं तर स्पर्शाचा निरोप सेकंदाला साधारण 50 मीटर वेगाने दीड मीटर वर चढतो, म्हणजे 30 मिलिसेकंद. तेवढ्याच वेळात आवाज 10 मीटर जातो. म्हणून 10 मीटर त्रिज्येच्या वारुळातली गुंफ आपल्या शरीराइतकी एकसंध असू शकते. तीन किलोमीटरवरच्या मण्याचा आवाज पोचलाच, तरी नऊ सेकंद उशिरा. गंध वापरला आणि वारा सेकंदाला 2 मीटर असला, तर निरोपाला 25 मिनिटं. तिथे ‘एक मन’ म्हणणं वाचकाला फसवणं आहे.

मग पोटाचा हिशेब. विश्रांतीत लागणारी ऊर्जा काढायला क्लायबरचं सूत्र पुरतं: किलोमधल्या वजनाचा 0.75 घात घ्यायचा आणि 70 ने गुणायचं. मण्याचं वजन 16 किलो घेतलं की घात बरोबर 8 येतो, म्हणजे दिवसाला 560 किलोकॅलरी. काम करणाऱ्याला दुप्पट. किलोभर धान्यात 3,500 किलोकॅलरी धरल्या तर 1,200 मण्यांना रोज 384 किलो धान्य लागतं, वर्षाला 140 टन. हेक्टरी एक टन पीक धरलं तर 140 हेक्टर, म्हणजे वारुळाभोवती जवळजवळ 670 मीटर त्रिज्येचं शेत. पहिल्या आराखड्यात मी 20,000 मणी घेतले होते. त्यांचं शेत पावणेतीन किलोमीटरपर्यंत पसरलं असतं आणि इतके जण 10 मीटरच्या वारुळात मावलेही नसते. 1,200 मणी तीन मजल्यांत नीट बसतात.

पण 670 मीटर म्हणजेसुद्धा दोन सेकंद. शेतात गेलेला मणी मनाच्या बाहेर गेला. पोट भरायचं तर काही मण्यांनी रोज एकटं व्हायलाच हवं, हे कळल्यावर मला खरा समाज दिसू लागला: आतले आणि बाहेरचे.

बाहेरचे 300 मणी संध्याकाळी परततात. दिवसभराची आठवण आत द्यायची ती आवाजाने नाही, अंगाला अंग लावून, आणि एकाला चार मिनिटं लागतात. घेणारा एकच असेल तर हे काम 20 तास चालेल. इथे माझी पहिली मोठी चूक झाली होती. मी देणारे मोजले, घेणारे मोजलेच नाहीत. दहा घेणारे बसवले की काम दोन तासांत उरकतं. मधमाश्यांतही असंच आहे. मकरंद घेऊन आलेल्या माशीला तो उतरवून घेणारी माशी शोधावी लागते. शोधायला फार वेळ लागला तर ती अंग थरथरवत वेगळा नाच करते आणि त्यामुळे आणखी माश्या उतरवून घ्यायच्या कामाला लागतात. गुंफेतले हे दहा ‘दारकरी’ ठरवतात की कोणाची आठवण आधी घ्यायची आणि कोणाची उद्यावर ढकलायची. सत्ता कुठे आहे विचाराल तर ती दारात आहे.

कामं जन्मावर वाटायची की वयावर? वयावर वाटा, असं मी आग्रहाने सांगेन. जन्मजात वर्ग केले आणि एका पुरात बाहेरचे सगळे बुडाले, तर अख्खी गुंफ उपाशी मरते. मधमाशीची कामकरी आधी घरं साफ करते, मग अळ्यांना भरवते, पुढे पोळं बांधते आणि शेवटी बाहेर पडते. बाहेरच्या माश्या कमी पडल्या तर कोवळ्या माश्या वेळेआधी निघतात आणि अळ्यांना भरवणाऱ्या दाया कमी पडल्या तर थोरल्या पुन्हा ते काम करू लागतात. गुंफेतही म्हातारे मणी शेतात जातात, कारण तिथे मरण जास्त. प्रत्येक आठवण तीन मण्यांत ठेवलेली असते. एक गेला तरी काही हरवत नाही, उरलेले दोघं तिसऱ्याला ती देतात. दारकरी मात्र बदलते ठेवावे लागतात, नाहीतर दहा जणांचं राज्य कायमचं होऊन बसतं.

आता राणी आणली तरी चालेल. राणीमाशी हुकूम देत नाही. ती अंडी घालते आणि तिचा गंध ती असल्याची खूण देत राहतो. गंध थांबला की काही तासांत कामकऱ्यांना कळतं आणि कोवळ्या अळ्यांना राजान्न (रॉयल जेली) भरवून नवी राणी वाढवायला त्या सुरुवात करतात. गुंफेची राणी इतपतच आहे.

निर्णयासाठी मधमाश्यांच्या थव्याची पद्धत घेतली. मधमाश्यांचे अभ्यासक थॉमस सीली यांनी ती बारकाईने अभ्यासली आहे. नवी जागा शोधणाऱ्या माश्या आपापल्या जागेसाठी नाचतात, पण प्रत्येकीचा नाच फेरीगणिक कमी होत जातो. विरोधी जागेची माशी येऊन डोक्याने धडक देते आणि नाच थांबवायला लावते. सगळ्यांचं एकमत व्हायची वाट कोणी बघत नाही. एका जागी वीस-तीस माश्या एकदम दिसल्या की गणपूर्ती झाली, म्हणजे ती जागा ठरली. मत आपोआप थकलं पाहिजे, हा यातला सर्वात मोलाचा भाग. हट्टी मणी ठेवलेत तर गुंफ दोन जागांच्या मधे अडकून पडते.

रचना झाली की एकेक गोष्ट काढून बघायची. राणी काढा, 400 मणी काढा, दारकरी काढा. माझी गुंफ या तिन्हींत टिकली आणि पावसात फुटली. छतावर मुसळधार सुरू झाली की एका मजल्याचा आवाज दुसऱ्याला ऐकू येईना. तीन मजले, तीन मनं. पाऊस थांबल्यावर तिघांकडे त्याच रात्रीच्या तीन आठवणी. मी ही खोट दुरुस्त केली नाही, कारण गुंफेतलं भांडण इथेच जन्माला येतं.

शेवटचं काम भाषेचं, आणि मराठीत ते फार सुंदर जमतं. गुंफ स्वतःशी बोलताना ‘आपण’ म्हणते आणि माणसाशी बोलताना ‘आम्ही’. ‘आम्ही आलो’ यात बाई की पुरुष, हे कळत नाही. अडचण एकट्या मण्याची. त्याने ‘मी आलो’ म्हटलं की तो पुरुष झाला, ‘मी आले’ म्हटलं की बाई. म्हणून त्याची वाक्यं वेगळी घडवावी लागतात: ‘मला दिसलं’, ‘मला भूक लागली’, ‘मी फळ खाल्लं’, ‘मी जाईन’. ‘मी जातो’ टाळायचं. शेतातून परतलेला मणी रांगेत उभा असतो तोवर ‘मी’ म्हणतो. दारकऱ्याने त्याची आठवण पुरती घेतली की पुढचं वाक्य ‘आपण’ने सुरू होतं. ज्याची पाळी उद्यावर गेली, तो रात्रभर वारुळात राहूनही ‘मी’च म्हणत राहतो.